चि. ईशास

पुणे

प्रिय ईशा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, इथे आल्यापासून मला साउथ एशियन असल्यासारखं वाटतं." आजीला ते रुचलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं. लाहोरची मैत्रीण आणि तू तुर्की दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून बघत होतात, आणि ढाक्याची मुलगी मोहरीच्या तेलाची आठवण करत होती. अटारीचं फाटक मध्ये असताना ही लाहोरची मुलगी तुला भेटली असती का? त्यासाठी बेल्जियम गाठावं लागलं.

एरॅस्मस ही दुसऱ्या देशात जाऊन शिकण्याची युरोपीय योजना; ती 1987 साली सुरू झाली ती युरोपातल्या तरुणांना एकमेकांच्या जवळ आणण्यासाठी. युरोपाबाहेरच्या मुलांनाही घेणारं एरॅस्मस मुंडुस 2004 मध्ये आलं, म्हणून तुझ्यासारख्यांना दार उघडलं. पण नुसतं तिथे शिकून आपलेपणा येतोच असं नाही. एरॅस्मसवर काम करणाऱ्या काही अभ्यासकांना दिसलं, की जाणाऱ्या मुलांना बऱ्याचदा आधीपासूनच युरोपची ओढ असते. आणि तिथे गेल्यावर ती स्थानिक मुलांपेक्षा इतर परदेशी मुलांतच जास्त रमतात. मला काळजी आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

आपल्या पुण्यात ती डोळ्यांसमोर आहे. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते, तेव्हा मॉरिशसच्या एका मुलाला कावीळ झाली. एक मुलगी त्याला खिडकीतून डबा देताना त्यांनी पाहिली. परदेशी मुलांचे हाल त्यांना तिथे कळले, आणि 1971 मध्ये सिम्बायोसिस ही संस्था उभी राहिली. तरी आजही कितीतरी आफ्रिकी, अफगाण मुलं इथे डिग्री घेतात, आपसांत जिवाभावाचे मित्र होतात आणि पुणेकराच्या घरी एकदाही न जेवता परत जातात. त्यांना खोली भाड्याने देताना आपली माणसं काय काय विचारतात, तेही मी ऐकलंय. याची मला लाज वाटते.

म्हणून सांगतो, तुमचं त्रिकूट सोडू नकोस, पण तेवढ्यावर थांबूही नकोस. डचचा वर्ग लाव. वर्गातल्या बेल्जियन मुलांना जेवायला बोलव, त्यांनी बोलावलं तर अभ्यासाचं कारण सांगून टाळू नकोस. मी इकडे कॉलेजातल्या एका सुदानी विद्यार्थ्याला रविवारी घरी बोलावलंय. आईने पुरणपोळीचा बेत ठरवलाय.

लाहोरच्या मैत्रिणीच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बाबा