पहिली गाडी देखणी हवीच, बेस मॉडेलसुद्धा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुणांच्या पहिल्या गाडीवर आपल्या पुरवणीत नुकताच लेख आला. माहिती चांगली होती. पण आजच्या मुलांना गाडीपेक्षा तिचा रुबाब मोठा वाटतो, दिसण्यापलीकडे ती काही बघत नाहीत, हा त्यातला सूर मला पटला नाही. मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्टिअरिंगला पहिल्यांदा हात लावणारी विशी-पंचविशीतली मुलंमुली रोज माझ्या शेजारी बसतात. कुणी एमआयडीसीत कामाला, कुणी बँकेत नुकतीच लागलेली, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर. पक्कं लायसन्स हातात पडलं की प्रश्न ठरलेला: "मॅडम, गाडी कोणती घेऊ?" त्या प्रश्नामागे काय काय असतं ते मी जवळून ऐकते, म्हणून हे पत्र.

यातल्या बहुतेकांच्या घरातली ती पहिलीच चारचाकी असते. वडिलांची सगळी नोकरी मोटारसायकलवर गेलेली. गाडी दारात येते त्या दिवशी भावकी बघायला जमते, आई हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात. ती गाडी डोळ्यांना छान दिसावी, तिचा रंग आपल्या आवडीचा असावा असं त्या पोराला किंवा पोरीला वाटलं, तर त्यात उथळ काय आहे? लग्नाची साडी घेताना आपण ती फक्त टिकाऊ आहे का एवढंच बघतो का?

देखणेपणाला कमी लेखलं की काय होतं, हे आपण नॅनोच्या वेळी पाहिलं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी टीव्हीसमोरून हलले नव्हते. पावसात स्कूटरवर चौघांनी जाणाऱ्या कुटुंबासाठी गाडी करायची ही रतन टाटांची कल्पना मला तेव्हाही मोठी वाटली, आजही वाटते. बाहेरून जेमतेम तीन मीटर लांब, दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन मागच्या बाजूला, आणि आत उंच माणूसही मोकळा बसेल एवढी जागा. गल्लीत ती इतकी सहज वळायची की शिकाऊ माणसाला रिव्हर्सची धास्तीच वाटू नये. पण विकली गेली ती 'सगळ्यात स्वस्त गाडी' म्हणून. बेस मॉडेलला, म्हणजे सगळ्यात कमी किमतीच्या मॉडेलला, डाव्या बाजूचा आरसा नाही, एसी नाही, आणि मागचं डिकीचं दार २०१५ चं मॉडेल येईपर्यंत उघडतच नव्हतं. कर्ज काढून पहिली गाडी घेणाऱ्याला 'स्वस्तातली गाडी' हा शिक्का अंगावर नको असतो. स्वतः टाटांनीही पुढे मान्य केलं की तिची ओळख स्वस्त गाडी अशी व्हायला नको होती. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ज्या तरुणांसाठी ती सगळ्यात सोयीची होती, त्यांनीच ती घेतली नाही.

२०१५ मध्ये रेनोची क्विड आली तेव्हा हे कुणाला तरी कळलं असं वाटलं. इंजिन ८०० सीसीचंच, पण १८० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची), एसयूव्हीसारखं रुंद नाक, आणि वरच्या मॉडेलमध्ये मोठी टचस्क्रीन. किंमत अडीच लाखांच्या थोडी पुढे सुरू होत होती. माझ्याकडची पोरं तिचे फोटो मोबाइलवर घेऊन यायची. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने तिची धडक-चाचणी घेतली आणि तिला पाचपैकी शून्य स्टार मिळाले. दिसायला तगडी, आणि ठोकरीत मात्र कच्ची. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की नाक बघा, रंग बघा, आणि मग चाचणीचा निकालही बघा.

हे दोन्ही एकत्र येत नाही असं कुणी म्हणू नये. टाटांची टियागो २०१६ ची. आजही रस्त्यावर ती जुनी वाटत नाही, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला चार स्टार मिळाले. त्याच सुमाराला अल्ट्रोजला पाच. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच इंजिनिअरांनी, मध्यमवर्गाला झेपेल अशी गाडी देखणीही केली आणि भक्कमही.

त्याहून बोलकं उदाहरण आपल्या चाकणमध्ये बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचं आहे. २०१४ च्या सुरुवातीला भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची चाचणी झाली. आल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. पाचही गाड्या बिनएअरबॅगच्या होत्या आणि पाचही शून्यावर गेल्या. पण पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता. कंपनीने एअरबॅग नसलेलं मॉडेल विकणंच बंद केलं, दोन एअरबॅगची गाडी पुन्हा चाचणीला पाठवली आणि तिला चार स्टार मिळाले. तोच कारखाना, तोच पत्रा. फरक फक्त एवढाच की बेस मॉडेलमधून काय काढून घ्यायचं हे बदललं.

मला बोलायचं आहे ते या बेस मॉडेलबद्दल. जाहिरातीत दिसते ती गाडी टॉप मॉडेलची असते: दोन रंगांचं छत, अलॉय व्हील, एलईडी दिवे, भडक निळा नाहीतर नारंगी रंग. आमचा मुलगा शोरूमला जातो तो सगळ्यात खालच्या किमतीचा आकडा डोक्यात ठेवून. तिथे त्याला दिसतं की त्या किमतीत मिळते ती पांढरी किंवा चंदेरी, आरसे आणि दारांची हँडल काळ्या प्लॅस्टिकची, चाकांना साधी कॅपसुद्धा नाही. तिच्याकडे लांबून बघितलं तरी कुणालाही कळावं की घेणाऱ्याकडे पैसे कमी होते. बॉडीच्या रंगाचे आरसे आणि चार व्हीलकॅप यांचा खर्च गाडीच्या किमतीत कितीसा असणार? ते मुद्दाम काढून घेतलं जातं, कारण गिऱ्हाईक तिथून वरच्या मॉडेलकडे सरकावं.

आणि तो सरकतो. हिशोब कसा सांगतात बघा. "दीड लाखाचाच फरक आहे, हप्त्यात फक्त चोवीसशे वाढतात." आकडा खोटा नाही. नऊ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात दीड लाखाला महिना साधारण २४०० रुपये पडतात. पण ८४ हप्त्यांत त्या दीड लाखाचे दोन लाखांच्या वर जातात, हे कुणी सांगत नाही. त्यात महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, तो वाढलेल्या किमतीवरही लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीला तर एका शोरूममध्ये सांगितलं की बेस मॉडेल येतच नाही, बुक केलं तरी चार महिने लागतील, त्यापेक्षा वरचं उद्या घेऊन जा. तिने ते घेतलं. आता हप्ता भरते आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून शाळेवर एसटीने जाते. गाडी आठवडाभर दारात उभी असते.

शिकवणारी म्हणून मला आणखी एक गोष्ट रोज टोचते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुली पाच फुटांच्या आसपास उंचीच्या. बहुतेक बेस मॉडेलमध्ये ड्रायव्हरची सीट पुढे-मागे होते, वर-खाली होत नाही. मग घरातली उशी घेऊन गाडी चालवायची. उशी सरकते, त्यावर बेल्ट नीट बसत नाही, तो पोटावरून किंवा मानेजवळून जातो, आणि ब्रेक दाबताना पाय पुरत नाही म्हणून मुलगी स्टिअरिंगला इतकी चिकटून बसते की एअरबॅग उघडली तर तीच तिला लागेल. सीट उंच करायचा खटका वरच्या मॉडेलला मिळतो. जाहिरातीत तरुण मुली हसत गाडी चालवताना दाखवायच्या आणि त्यांना बोनेट दिसेल अशी सीट मात्र लाखभर रुपये जास्त घेऊन द्यायची, हे मला अजिबात बरोबर वाटत नाही.

तेच मागच्या वायपरचं. हॅचबॅकची, म्हणजे डिकी बाहेर न आलेल्या छोट्या गाडीची, मागची काच उभी असते, त्यामुळे चाकांनी उडवलेलं पाणी आणि चिखल हवेच्या भोवऱ्यात ओढला जाऊन थेट तिच्यावर बसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत यवतेश्वरच्या घाटातून कासला जा किंवा मेढ्यावरून महाबळेश्वर चढा. पाच मिनिटांत मागचं दिसायचं बंद होतं. हा वायपरही बहुतेक गाड्यांत वरच्या मॉडेललाच. टचस्क्रीन नसली तर कुणाचं अडत नाही, मोबाइल आहेच. मागून येणारा ट्रक दिसला नाही तर अडतं.

सरकारने आपल्या बाजूने हात सैल केला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी सेस धरून २९ टक्के होता. किमती खरोखर उतरल्या, आणि मोटारसायकल बदलायला निघालेली काही मुलं छोट्या गाडीचा विचार करू लागली, हे मी पाहिलं. सक्तीचे नियमही टप्प्याटप्प्याने आले. २०१९ मध्ये नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग, पुढे शेजारच्या सीटची. २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. मारुतीने २०२५ मध्ये आल्टो के१० आणि वॅगनआरलाही सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग दिल्या, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. नुसत्या एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा भक्कम होत नाही, तेही खरं. म्हणून चाचणीचा निकाल बघायचा. आणि निकाल कितीही चांगला असो, बेल्ट लावायचा, मागे बसलेल्यांनीसुद्धा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ती गाडी काही छोटी नव्हती. पुढचे दोघे वाचले, मागे बिनबेल्टचे बसलेले दोघे गेले. बेल्टचा विषय निघाला की मी मुलांना हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

लेखात छोट्या एसयूव्हीची बरीच तारीफ होती. त्या गाड्या चांगल्या आहेत, उंच बसायला मिळतं आणि खराब रस्त्यावर खाली घासत नाहीत. पण मोती चौकातून राजवाड्याकडे संध्याकाळी सहा वाजता गाडी काढून बघावी, किंवा मंगळवार पेठेतल्या चढावर, एका बाजूला रिक्षा आणि दुसऱ्या बाजूला भाजीची गाडी असताना. तिथे नवख्या हाताला छोटी, हलकी, चारी कोपरे दिसणारी गाडीच हवी. हाफ क्लचवर गाडी धरून चढावर थांबायला शिकणाऱ्या मुलीला रुंद नाकाची गाडी द्या, तिचा आत्मविश्वास आठवड्यात जातो आणि मग ती गाडी भाऊच चालवतो. छोटी गाडी ही पैसे कमी असणाऱ्याची मजबुरी आहे असं मी मानत नाही. आपल्या गावांना आणि पेठांना तीच बरोबर बसते.

म्हणून कंपन्यांना माझं सांगणं आहे की बेस मॉडेलच मनापासून बनवा. आवडीचे दोन-चार रंग त्यातही द्या, आरसे बॉडीच्या रंगाचे द्या, सीट वर-खाली होऊ द्या, मागचा वायपर द्या. सनरूफ, मोठी स्क्रीन, अलॉय, आतले रंगीत दिवे खुशाल वर ठेवा, ज्याला परवडेल तो घेईल. मुलांनाही मी सांगते की बेस मॉडेल घेताना मान खाली घालू नका. शोरूममध्ये येत नाही म्हणाले तर लेखी मागा, दुसऱ्या शोरूमला जा, आणि कर्ज पाच वर्षांच्या पुढे नेऊ नका.

आपल्याकडेही एक मागणी आहे. नवी गाडी आली की आपल्या पुरवणीत टॉप मॉडेलचा फोटो आणि खाली सगळ्यात खालच्या मॉडेलची एक्स-शोरूम (रोड टॅक्स, विमा न धरता) किंमत छापली जाते. वाचणाऱ्याला वाटतं, ही गाडी या किमतीत मिळते. इथून पुढे बेस मॉडेलचाही फोटो छापा, आणि सोबत छोटा तक्ता द्या: बेस मॉडेलची महाराष्ट्रातली ऑन-रोड (सगळं धरून हातात पडेपर्यंतची) किंमत, एअरबॅग किती, चाचणीत स्टार किती आणि चाचणी कोणत्या वर्षीची. जागा उरली तर एक रकाना ड्रायव्हरची सीट वर-खाली होते का, याचाही ठेवा.

आपली,
एक वाचक, मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालक, सातारा