रीजनच्या अर्ध्या तासाचे पैसे कोण देणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की वर्तमानपत्रांत हवेच्या गुणवत्तेचे आकडे येऊ लागतात आणि बांधकामांच्या नावाने बोटे मोडली जातात. ती मोडावीतच. पण सगळे बोलणे धुळीवर येऊन थांबते. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेल्या नियमावलीतही भर होता तो 70 मीटरपेक्षा उंच इमारतींभोवती 35 फुटी पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे आणि डंपरवरचे आच्छादन यांवर. हे उपाय योग्यच आहेत. मात्र त्या पत्र्यांच्या आत दिवसभर डिझेल जाळणाऱ्या यंत्रांच्या सायलेन्सरमध्ये काय आहे आणि काय काढून टाकले आहे, हे कोणी वाकून बघत नाही. मी पुणे जिल्ह्यात मातीकामाची यंत्रे भाड्याने देतो. माझ्याच व्यवसायात रुजू लागलेल्या एका घातक प्रकाराबद्दल, म्हणजे यंत्रातला धुराचा फिल्टर काढून टाकण्याबद्दल, हे पत्र लिहीत आहे.

1 जानेवारी 2025 पासून देशात टायरवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना (सरकारी भाषेत कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेइकल, म्हणजे सीईव्ही) सीईव्ही स्टेज 5 हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. आधीची मुदत एप्रिल 2024 ची होती, ती पुढे ढकलली गेली. निकष किती बदलले ते एका आकड्यावरून कळेल. 2011 च्या बीएस-3 निकषांत 37 ते 75 किलोवॅटच्या इंजिनाला दर किलोवॅट-तासामागे धुरातून काजळीचे 0.4 ग्रॅम कण सोडायची मुभा होती. आता ती 0.015 ग्रॅम आहे. शिवाय आता कणांचे नुसते वजन बघून भागत नाही, ते मोजावेही लागतात आणि दर किलोवॅट-तासाला एक लाख कोटी ही मर्यादा आहे. आकडा अवाढव्य वाटतो, पण हे कण इतके बारीक असतात की फिल्टर नसेल तर डिझेल इंजिनाला ही मर्यादा पाळणे जमत नाही. म्हणून नव्या यंत्रांत डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, आला.

हा फिल्टर म्हणजे पोलादी डब्यात बसवलेला सिरॅमिकचा ठोकळा. त्यात आरपार बारीक नळ्या असतात आणि त्यांची तोंडे आळीपाळीने, एकीचे पुढून तर शेजारणीचे मागून, बंद केलेली असतात. धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडे अडकते. ही साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्याला आम्ही ‘रीजन’ (रीजनरेशन) म्हणतो. यंत्रावर चांगला लोड असेल तर बरीच काजळी चालता चालताच जळते. तशी जळाली नाही की पॅनलवर दिवा लागतो. मग यंत्र मोकळ्या जागी उभे करायचे, बकेट जमिनीला टेकवायची, बटण दाबायचे आणि अर्धा-पाऊण तास थांबायचे. तेवढ्या वेळात फिल्टरच्या आत 600 अंशांच्या आसपास तापमान जाते.

आता हा फिल्टर काढतात कसा ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. डबा उतरवून घेतात, एका बाजूने कापतात, आतला सिरॅमिकचा ठोकळा छिन्नी-हातोड्याने फोडून ओततात आणि रिकामा डबा वेल्डिंग करून होता तिथे परत बसवतात. रंगाचा हात मारला की कापल्याची खूणही उरत नाही. दुसरा माणूस लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधला प्रोग्रॅम बदलतो, म्हणजे सेन्सरला फिल्टर जागेवर असल्यासारखेच वाटते आणि दिवा लागत नाही. एका दुपारीत काम संपते. नव्या फिल्टरच्या किमतीपुढे त्याची मजुरी किरकोळ असते. कंपनीची वॉरंटी त्याच दुपारी संपते, हे मात्र मालकाला कोणी सांगत नाही.

ज्यांना तपासायचे आहे त्यांच्यासाठी एक साधी खूण आहे. इंजिन बंद करून धुराडे थंड झाल्यावर त्याच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून पांढरे फडके फिरवावे. फिल्टर शाबूत असलेल्या स्टेज 5 यंत्राचा पाइप आतून जवळजवळ कोरा असतो. फडके काळेकुट्ट निघाले तर फिल्टर फुटला आहे किंवा काढला आहे, यात शंका धरू नये.

ही काजळी कोणाच्या छातीत जाते? बेसमेंटच्या खोदाईत दोन-तीन मजले खोल खड्डा असतो. तिथे हवा खेळत नाही. वर ब्रेकर लावलेले पोकलेन, बाजूला बॅकहो, रांगेत इंजिन चालू ठेवलेले डंपर आणि या सगळ्यांच्या मधोमध लेव्हल बघायला मोजणीची उभी पट्टी (स्टाफ) धरून उभा असलेला हेल्पर. त्याच्या नाकापासून धुराड्याचे अंतर कित्येकदा दोन हातही नसते. खडक फोडताना उडणारी सिलिकाची धूळ वेगळीच. साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत याच कामगारांची लेकरे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत आठ खाणींतल्या 12,315 कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक धुरात राबलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सर्वांत कमी धुरातल्यांच्या साधारण तिप्पट आढळला. आमचे बेसमेंटचे खड्डे खाणीपेक्षा फार वेगळे नसतात.

इतके असूनही मालक फिल्टर का काढतो? तो लोभी आहे किंवा अडाणी आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी या लोकांत रोज बसतो-उठतो. खरे कारण आमच्या तासाच्या दरात आहे.

यंत्र तासावर लागते. रीजन चालू असताना यंत्राचे तास मोजणारा अवरमीटर पळत असतो, डिझेल जळत असते, ऑपरेटरचा पगार चालू असतो. पण बकेट हलत नाही म्हणून साइटचा सुपरवायझर लॉगबुकात तेवढा वेळ कापतो. महिनाअखेरीला बिलातून ते तास गेलेले असतात. बँकेचा हप्ता मात्र पूर्ण भरायचा असतो. शिवाय यंत्र थांबले की ठेकेदार ओरडतो, तेव्हा ऑपरेटर रीजन टाळायचे बटण दाबतो. दिवा परत लागतो, तो परत टाळतो. काजळी ठराविक पातळीच्या वर गेली की इंजिन स्वतःची ताकद कमी करते आणि साइटवर रीजन करणेही बंद होते. मग कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघत यंत्र उभे. अशा वेळी कोणीतरी हळूच एक नंबर देतो: ‘काढून टाका, कटकट मिटेल.’ हप्ता तोंडावर आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

फिल्टर लवकर तुंबण्यातही काम देणाऱ्याचा मोठा हात असतो. डंपर वेळेवर लावले नाहीत की यंत्र तासन् तास रिकामे चालू राहते. त्या वेळी धूर पुरेसा तापत नाही आणि काजळी जळायच्या ऐवजी साठत जाते. कित्येक ठिकाणी डिझेल पार्टीचे, म्हणजे काम देणाऱ्याचे, असते, ते कुठल्या बॅरलमधून येते ते विचारायची सोय नसते. देशभर 1 एप्रिल 2020 पासून पंपावर 10 पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचेच डिझेल मिळते आणि फिल्टर त्यावरच टिकतो. भेसळीवर तो टिकत नाही. आमच्या बाजूची चूकही आहेच: कमी राखेचे इंजिन ऑइल वापरायचे सोडून स्वस्त ऑइल ओतणारे मालक आहेत. ऑइलची राख रीजनमध्ये जळत नाही, ती काही हजार तासांनी फिल्टर उतरवून साफ करावी लागते. आणि इंजेक्टर गळत असेल किंवा टर्बो खराब असेल तर फिल्टर वारंवार भरतो. फिल्टर काढला की ती खराबी दिसायची बंद होते आणि पुढे इंजिन उघडायची पाळी येते. नुसत्या रुपयांच्या हिशेबातही हा सौदा आतबट्ट्याचा आहे, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना पुन्हा पुन्हा सांगतो.

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण पकडणार कोण? पीयूसीला इंजिन रेस करून धुराचा काळेपणा मोजतात. आजचे कॉमन रेल (मोठ्या दाबाने डिझेल फवारणारे) इंजिन चांगल्या स्थितीत असेल तर फिल्टर नसतानाही त्यातून सुटू शकते, कारण सर्वांत बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत आणि पीयूसीच्या मापकालाही नीट कळत नाहीत. बेल्जियमने जुलै 2022 पासून, नेदरलँड्सने जानेवारी 2023 पासून आणि जर्मनीने जुलै 2023 पासून डिझेल मोटारींच्या तपासणीत थेट कण मोजायला सुरुवात केली, ती याच अडचणीमुळे. आपल्या आरटीओत फिटनेसच्या वेळी असा कणमापक का नसावा?

त्याहून मोठे भगदाड पोकलेनचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली बांधकाम यंत्राची व्याख्या रबरी टायर, रबरी पॅड किंवा पोलादी ड्रमवर चालणाऱ्या यंत्रांपुरती आहे. लोखंडी चेनवर चालणारे पोकलेन तिच्यात बसत नाही, म्हणून ते या निकषांच्याही बाहेर राहते. बेसमेंटमध्ये सर्वांत जास्त डिझेल तेच पिते. ‘शेजारी जुने पोकलेन काळा धूर ओकते आहे आणि तुम्ही माझ्या फिल्टरची चौकशी करता,’ असे कोणी मालक म्हणाला तर मला त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्याची तक्रार खरी आहे.

म्हणून माझे मागणे काम देणाऱ्यांकडे आहे. महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, मेट्रोची कामे आणि मोठे बिल्डर यांच्या वर्क ऑर्डरमध्ये एक अट यावी: रीजनचा वेळ हा चालू तास धरला जाईल आणि त्याचे भाडे मिळेल. यंत्राच्या पॅनलमध्ये रीजनची नोंद राहते, त्यामुळे कोणी खोटे तास लावेल ही भीती नको. त्याच अटीत पुढे असावे की साइटवर येणाऱ्या प्रत्येक स्टेज 5 यंत्राचा फिल्टर जागेवर असेल, गेटवर फडक्याची तपासणी होईल आणि ठराविक महिन्यांनी कंपनीच्या लॅपटॉपवरचा स्कॅन रिपोर्ट द्यावा लागेल. फिल्टर नसलेले यंत्र त्याच दिवशी परत जाईल. पैसे दिल्यावर जाब विचारता येतो. पैसे न देता विचारलेला जाब लॉगबुकापर्यंत पोहोचत नाही.

पोकलेनबाबतही कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. निविदेत काय मागायचे हे काम देणाऱ्याच्या हातात असते. फिल्टर असलेल्या यंत्राला थोडा चढा दर मान्य केला तर बाजारात तशी यंत्रे येतील. स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून बांधकामावरच्या नव्या यंत्रांना फिल्टर सक्तीचा आहे. लंडनमध्ये सप्टेंबर 2015 पासून बांधकामाच्या यंत्रांसाठी उत्सर्जनाच्या वेगळ्या अटी आहेत, त्या न पाळणाऱ्या यंत्राला साइटवर काम करता येत नाही. तिथलीही कामे थांबलेली नाहीत.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी पुढच्या हिवाळ्याच्या आत निविदांच्या नमुन्यात ही अट घालावी. दर किती वाढवावा, रीजनला दिवसाकाठी सरासरी किती वेळ जातो, हे कागदावर बसून ठरवायची गरज नाही. आम्हा यंत्रमालकांच्या लॉगबुकांत ते लिहिलेले आहे. पालिकेच्या अभियंत्यांनी बोलावले तर लॉगबुके घेऊन आम्ही यायला तयार आहोत.

आपला,
एक यंत्रमालक, चाकण