छोट्याने सीओंना सांगावं का?

प्रिय बाळ्या,

उत्तर राहिलं, पुढच्या भेटीत हव्या तेवढ्या शिव्या दे. तब्येत बरी. लिहायला बसलो ते छोट्यापायी. आपण गे आहोत हे घरी सांगून झालं, आता पलटणीच्या सीओंना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांना, सांगणार म्हणतो. मला विचारतो, "काका, 377 गेलं ना?" हे तुझंच वाक्य त्याच्या तोंडी! सप्टेंबर 2018 मध्ये त्यावरूनच तर आपलं वाजलं होतं.

गेलं, मान्य. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम तेव्हा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत ते कलमच नाही. पण फौजेला आर्मी अ‍ॅक्ट 1950 आहे. त्यातलं 46 (ए) शाबूत आहे: क्रूर, अश्लील किंवा 'अनैसर्गिक' स्वरूपाचं लज्जास्पद वर्तन, सात वर्षांपर्यंत कैद. अधिकाऱ्याला वर 45, न शोभणारं वागणं, थेट कॅशिअर, म्हणजे बेअब्रू करून बडतर्फ. कशातच बसलं नाही तर 63, शिस्तीला बाधा. त्या पोत्यात काहीही मावतं. मूलभूत हक्क म्हणशील, तर अनुच्छेद 33 संसदेला सैनिकांचे हक्क आखडू देतो. व्यभिचाराचं 497 रद्द झालं, तरी 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंच ना, की तो निकाल लष्करी कायद्यांना लागत नाही? आणि जानेवारी 2019 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल रावत म्हणाले होते, फौजेत हे चालू देणार नाही.

आता बारकावा. ही कलमं वर्तन धरतात, नुसता कल नाही. "मी गे आहे" एवढ्यावर चार्ज उभा करणं अवघड. पण पुढचा प्रश्न येतो, "कोणाबरोबर?" उत्तर दिलं की पुरावा तयार, आणि दुसराही अडकला. मला खरी धास्ती त्याच अ‍ॅक्टच्या कलम 19 आणि आर्मी रूल्समधल्या नियम 14 ची आहे. तिथे कोर्ट मार्शल लागतच नाही. गैरवर्तन म्हणून कारणे दाखवा नोटीस काढायची आणि सरकारने सेवा संपवायची.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे खात्याची चौकशी, बसलीच, तर नियम 180 त्याने पाठ करावा. अब्रूचा प्रश्न असेल तर चौकशीभर हजर राहण्याचा आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे. "लवकर मिटवू" म्हणून पोरं तो सोडतात आणि पुढे तेच कागद अंगावर येतात. समरी ऑफ एव्हिडन्समध्ये, म्हणजे खटल्याआधी साक्षी लिहून घेतात तिथे, निवेदन द्यायची सक्ती नाही, त्याने गप्प बसावं. चॅट पुसू नयेत. समोरच्याच्या फोनमध्ये ती राहतातच, वर पुसल्याचा ठपका. पेपरवाल्यांशी परवानगीशिवाय बोलायचं नाही, नियम 21. दाद मागायला आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजेसाठीचं न्यायाधिकरण, आहे, पण आधी खात्यातल्या तक्रारीच्या पायऱ्या चढून.

ब्रिटनने फौजेतल्या समलिंगींवरची बंदी 12 जानेवारी 2000 ला उठवली, तीही स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने कान उपटल्यावर. अमेरिकेत 20 सप्टेंबर 2011. आपल्याकडे कोणी कान उपटेपर्यंत छोट्याने पहिला बळी होऊ नये, एवढंच मला वाटतं. भित्रा म्हण हवं तर, कॉलेजपासून म्हणतोसच.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? वहिनींची बदली रद्द झाली का?

तो पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय. माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. सीओंकडे जाण्याआधी वकील गाठ म्हणावं, लष्करी कायदा कोळून प्यायलेला. आणि हे पत्र त्याला फोटो काढून पाठवू नकोस, तोंडी सांग.

तुझा,
अण्णा