मामा, तुम्ही मला होलपासून उलटं गोल्फ शिकवलंत

ती. मामांना,
सा. नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी पहाटे पावणेसहाला गोल्फ कोर्सवर पोचले, तर कॅडींच्या, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांच्या, बाकावर तुम्ही नव्हता. कळलं की गुडघ्यानं फारच उचल खाल्ली आणि आता तुम्ही खटावला, गावीच राहणार. संध्याकाळी फोन केला, पण मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तुम्हीच आपले विचारत होता, "ताई, पटिंग कसं चाललंय?" म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेले शब्दही उलगडून सांगतेय. पटिंग म्हणजे होलजवळ चेंडू हलकेच लोटून आत घालणं. क्लबहाउसमधल्या लाकडी फलकावर स्पर्धा जिंकणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत, पण ज्यांनी त्यांच्या बॅगा वाहिल्या त्यांचं एकही नाव नाही. तुमचं नाव मी इथेही घालत नाही, कारण ते तुम्ही फोनवर बजावलंय. पण आपल्या कोर्सवर 'मामा' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा ५१ वर्षांची होते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, आणि गोल्फ शिकायचं हे कित्येक वर्षं मनात होतं. तुमच्याआधी एका रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर, दहा धड्यांचे पैसे भरले होते. पहिल्याच दिवशी हातात ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, दिला, समोर शंभर चेंडूंची बादली ठेवली आणि सांगितलं, जोरात मारा. मी मारत राहिले. दहातला एखादा चेंडू लांब जायचा आणि त्या एकासाठी मी पुढची बादली घ्यायचे. दीड महिन्यात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की दुधाचं पातेलं उचलवेना. फिजिओथेरपिस्टनं दोन महिने काठीला हात लावू नका म्हटलं. हा खेळ आपला नव्हे, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

मग मैत्रिणीबरोबर नुसती चालायला म्हणून आले आणि तिची बॅग तुमच्या खांद्यावर होती. सहाव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, तुम्ही मला विचारलंत, "ताई, तुम्ही नाही खेळत?" मी कोपराचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग पटर धरा की. त्याला कोपर लागत नाही." पटर म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे लोटायची काठी.

त्या दिवशीचं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही झेंडा काढून बाजूला ठेवलात, खिशातून दोन चेंडू काढलेत आणि दोन्ही शेजारीशेजारी होलच्या तोंडात धरलेत. दोन्ही मावले, वर बोट जाईल एवढी जागा उरली. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि चेंडूचा ४२.६७, हे मी नंतर वाचलं. पण तुमच्या हातातले ते दोन चेंडू पाहिल्यावर होल मला पुन्हा कधी लहान वाटलं नाही.

आणि मग तुमचा तो हिशेब. पार ७२ चा कोर्स, म्हणजे चांगल्या खेळाडूला ७२ फटके लागावेत असा. होल १८, प्रत्येक होलला दोन पट, म्हणजे पटरचे दोन फटके, धरलेले. म्हणजे ७२ मधले ३६ फटके ग्रीनवरच. "निम्मा खेळ इथं हाय, आणि सगळे तिकडं ड्रायव्हर घेऊन उभे." मी बँकेत तीस वर्षं आकडे पाहिले, पण हा आकडा मला कुणी दाखवला नव्हता.

पहिले तीन आठवडे तुम्ही मला ग्रीनच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नाहीत. आधी होलपासून एका हाताच्या अंतरावरून पट, मग एका काठीच्या, मग दोन. पहाटेच का बोलावता, ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. दवानं ग्रीन पांढरट झालेलं असायचं आणि चेंडू गेला की मागे गडद रेघ उमटायची. मी सरळ मारलाय असं मला वाटायचं आणि रेघ मात्र होलच्या अलीकडे वीतभर डावीकडे वळलेली दिसायची. तुम्ही उकिडवे बसून त्या रेघेवर बोट ठेवायचात: "वळला कुठं? इथं. म्हणजे बघायचं कुठं? इथं." ऊन वर आलं की रेघा पुसल्या जायच्या, तोवर पंधरा-वीस पट झालेले असायचे. ग्रीनचा उतार वाचायला मी त्या रेघांवरूनच शिकले.

गवताची लवही तुम्हीच दाखवलीत. आपल्यापासून पुढे झुकलेलं गवत चकाकतं आणि चेंडू पळतो. आपल्याकडे तोंड करून असलेलं काळपट दिसतं, तिथे चेंडू अडतो. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत संपते. तुम्ही मला अर्धा तास होलभोवती फिरवलंत, एकदा इकडून, एकदा तिकडून, मखमलीच्या कापडावरून हात फिरवून पाहावा तसं.

चौथ्या आठवड्यात सात नंबर, म्हणजे मधल्या अंतराच्या फटक्याची काठी, हातात आला, तोही ग्रीनच्या कडेपासून. चेंडू थोडा मागच्या पायाकडे, वजन पुढच्या पायावर, आणि काठी पटरसारखीच हलवायची. माझे चेंडू एकतर जागेवर राहायचे नाहीतर पलीकडे वाळूच्या बंकरमध्ये जायचे, कारण मी त्यांना खालून उचलायला बघायचे. तुम्ही काठीचं तोंड माझ्या तळहातावर टेकवलंत आणि म्हणालात, "हा तिरपेपणा बघा. उचलायचं काम ह्याचं हाय, तुमचं नाही." मग पन्नास पावलांवरून अर्धा स्विंग, आणि त्यानंतर कुठे पूर्ण स्विंग. तोपर्यंत साडेचार महिने उलटले होते. रेंजवर पहिल्या दिवशी जो पूर्ण जोराचा स्विंग करायला लावला होता तो तुमच्याकडे सगळ्यात शेवटी आला, आणि माझ्या मते नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला ह्याच क्रमानं शिकवायला हवं. विशेषतः आमच्यासारख्या पन्नाशीनंतर येणाऱ्यांना. बॅगेत १४ काठ्यांची परवानगी आहे म्हणून कुणी १४ विकत घेऊ नयेत. पहिलं वर्ष मी चारच वापरल्या: पटर, वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी), सात नंबर आणि एक हायब्रिड (लांबच्या फटक्यांसाठी).

कोपराचं दुखणं तुमच्या एका प्रश्नानं थांबलं. माझ्या मुठीकडे पाहून तुम्ही म्हणालात, "पोळी लाटताना लाटणं एवढं आवळता का?" मी बोटं सैल केली. पुढचा चेंडू लांब गेला नाही, पण खटकन वेगळाच आवाज आला, स्वच्छ. तो आवाज आला की तुम्ही मागून नुसतं "हां" म्हणायचात. घाईनं काठी खाली ओढायची सवय होती, त्याला तुमचा झोपाळा होता: वर गेलेला झोपाळा टोकाला क्षणभर थांबतो, मग स्वतःच खाली येतो. आजही टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभी राहिले की मी मनात झोपाळा म्हणते.

एकदा जेवणाच्या डब्यावर तुम्ही सांगितलंत की अकराव्या वर्षापासून नाल्यातले हरवलेले चेंडू शोधून द्यायचात, आणि कुणीतरी टाकून दिलेला एक सात नंबर एवढीच तुमची संपत्ती होती. पट असो, चिप (ग्रीनच्या कडेचा छोटा फटका) असो, लांबचा फटका असो, सगळं त्या एका काठीनं. त्या दिवशी मला कळलं, तुमची शिकवण्याची रीत कुठून आली ते. दिल्लीच्या अली शेरची गोष्टही त्याच डब्यावर ऐकली. कॅडी म्हणून सुरुवात केलेला तो माणूस १९९१ मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. पुण्याचा गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तेव्हाही तुम्ही अख्ख्या बाकाला चहा पाजला होतात.

एक गोष्ट मात्र तुमच्याजवळ कधी बोलले नाही. तिसऱ्या होलवर चेंडू जांभळाच्या झाडाखाली रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, गेला होता. मी काठी फिरवली आणि चेंडू हललाच नाही. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. "हा सरावाचा होता," मी म्हटलं. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "मारायच्या इराद्यानं फिरवली ना?" मी हो म्हटलं. "मग एक." बस, एवढंच. कार्डावर त्या होलला नऊ लिहिले. नियमही तेच सांगतो. पण नियम सांगून मला लाज वाटली असती. तुम्ही विचारलंत म्हणून ते माझं मीच कबूल केलं.

त्याच सवयीनं नंतर ५४ होलची कार्डं दिली आणि मला हॅंडिकॅप, म्हणजे खेळाच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सवलत, मिळाला. २०२० पासूनच्या नव्या पद्धतीत तो ५४ पर्यंत मिळू शकतो, म्हणजे नवख्यांनाही मुरलेल्या खेळाडूंबरोबर बरोबरीनं खेळता येतं. पहिल्यांदा नऊ होल खेळले तेव्हा ७१ फटके लागले होते, त्यातले ३१ पट. गेल्या महिन्यात ५२, आणि पट १९. ही कार्डं मी जपून ठेवलीत. दोन्हींवर तुमच्या पेन्सिलीची खूण आहे.

मामा, तुम्ही तासाचे पैसे कधी लावले नाहीत. कॅडीची ठरलेली फी तेवढी घेतलीत. दिवाळीला पाकीट दिलं तर त्यातलं निम्मं परत केलंत. मी फक्त आभार मानू शकते, ते अगदी मनापासून मानते.

आता कामाचं. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ पुण्यात घेऊन ठेवते, नुसता दिवस कळवा. मुक्काम आमच्याकडेच. आणि ज्वारीची काढणी आटोपली की मी खटावला येतेय. तुम्ही ज्याच्या मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळून दिली होतीत तोच पटर अजून वापरते, पट्टी एका बाजूनं सुटायला लागलीय. नवी तुमच्याच हातानं गुंडाळून हवी आहे. येताना दोन चेंडू आणते, अंगण सारवलेलं असलं तर तिथेच लावू.

तुमची,
ताई