दुखल्याशिवाय डेंटिस्ट नाही

संपादक साहेब,
दातांचा विषय निघाला की सगळे दोनदा ब्रश करा एवढंच सांगतात, खिशाबद्दल कोणी बोलतच नाही. कीड वरच्या थरात असते तेव्हा दुखत नाही आणि नेमकं तेव्हाच साध्या फिलिंगवर भागतं, पण रोजंदारीवरचा माणूस दुखत नसताना कामाचा खाडा करून डेंटिस्टकडे कशाला जाईल, मग कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते, रात्र रात्र झोप नाही, रूट कॅनाल आणि कॅप परवडत नाही म्हणून सरळ दात काढून टाकतात. वाचू शकणारा दात, बरं का! पुढचा दात गेला की माणूस इंटरव्ह्यूला तोंड उघडायला लाजतो, म्हणजे परत कमाईवरच घाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत, त्यातले चारातले तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. पैसेवाल्यांचे दातही किडतात हो, फक्त वेळेत भरले जातात. आणि बऱ्याच आरोग्य विम्यात दातांचा खर्च धरतच नाहीत, जणू दात शरीराच्या बाहेर आहेत! निदान वर्षाची तपासणी आणि फिलिंग तरी विम्यात घ्या, सरकारी दंत ओपीडी कामावरून सुटल्यावरही चालू ठेवा.

– एक वाचक