थेंबभर पाणी

वसई,
रविवार, रात्री

प्रिय सुधीर,

आई गेल्यावरच्या महिन्याच्या मिसेला, चर्चमधल्या आमच्या त्या उपासनेला, तू ठाण्याहून पहाटे निघून आलास आणि शेवटपर्यंत थांबलास, याचं मला किती बरं वाटलं ते त्या गर्दीत सांगायचं राहूनच गेलं. जेवताना तू हळूच विचारलंस, "दर रविवारी तेच ते शब्द, मग मन लागतं का रे? आणि तो प्रसाद मला का नाही दिला?" मी "सांगतो" म्हणालो आणि वाढायला उठलो. आज सगळे झोपलेत, तेव्हा लिहितो.

आधी प्रसादाचं. सगळे रांगेत गेले आणि तू एकटा बाकावर बसून राहिलास, ते बघून मला कसंसंच झालं होतं. पण प्रसाद दारी येईल त्याला द्यायचा असतो, हे तसं नाही. फादर ती पातळ, गोल भाकर पुढे धरून "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतात आणि घेणारा "आमेन" म्हणतो. म्हणजे, हा तोच आहे असं मी मानतो आणि मी याचा आहे. मनात नसताना तुझ्या तोंडून तो आमेन वदवून घेणं तुझ्यावर अन्याय झाला असता. आम्हीही तिथे हक्काने जात नाही. रोमी शताधिपतीने येशूला म्हटलेलं वाक्य आधी म्हणतो: तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही.

आता तेच ते शब्दांचं. मी नऊ वर्षांचा असताना वेदीवर सेवा करायचो. माझं काम दोन काचेच्या सुरया धरायचं, एकीत द्राक्षारस, दुसरीत पाणी. फादर चषकात द्राक्षारस ओतायचे, मग पाण्याचा एखादाच थेंब, आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचे. काय म्हणतात ते पुढे कळलं. ज्याने आमचं माणूसपण घेतलं त्याच्या देवपणात, या पाण्याच्या आणि द्राक्षारसाच्या रहस्यातून, आम्हाला वाटा मिळो, अशी ती प्रार्थना. सुधीर, एकदा पडलेला तो थेंब कुणालाही वेगळा काढता येत नाही. मिसेतलं मला समजलेलं पहिलं ते हेच. बाबांची केळीची बाग वादळात आडवी झाली, त्या रविवारी ते माझ्या शेजारी ताठ उभे होते, आणि फादरांनी चषक उचलल्यावर मला वाटलं, ती बागही त्या थेंबात गेली. तेव्हापासून आठवड्याचं जे काही असेल ते मी त्या क्षणी तिथे टाकतो. शब्द तेच असतात, पण मी टाकतो ते दर वेळी वेगळं असतं. माझ्या आजीच्या तरुणपणी तर मिसा लॅटिनमध्ये असायची. तिला त्यातलं अवाक्षर कळत नसे, ती रोझरी, म्हणजे आमची जपमाळ, म्हणत बसे, पण घंटा वाजली की मान झुकवायची. मराठीत मिसा आली ती 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर.

"माझ्या स्मरणार्थ हे करा," असं येशू शेवटच्या भोजनात म्हणाला. ते वल्हांडणाचे दिवस होते, आणि त्या सणात प्रत्येक यहुदी आपण स्वतः मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून बाहेर पडलो असं समजून जेवतो. आमचं स्मरणही त्या जातीचं. क्रुसावरचं बलिदान एकदाच झालं, ते पुन्हा होत नाही. पण मिसेत आम्हाला त्याच्यासमोर आणून उभं केलं जातं, आणि मेलेली माणसंही त्यातून वगळली जात नाहीत. म्हणून फादरांनी आईचं नाव घेतलं. तू माझ्याकडे बघितलंस ते तेव्हाच.

जस्टिन नावाच्या एका ख्रिस्ती माणसाने साधारण 155 साली रोममध्ये लिहून ठेवलंय: रविवारी सगळे जमतात, वाचन होतं, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवतात. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. दर रविवारी चर्चमधून एक बाई छोट्या गोल डबीत तिच्यासाठी कम्युनियन, म्हणजे मिसेतली तीच भाकर, आणायच्या. मी स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून मेणबत्ती लावायचो. शेवटी शेवटी गिळता येईना, तेव्हा कणभर तुकडा चमचाभर पाण्यातून देत असू. दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं, तेवढं मात्र उतरायचं. ती डोळे मिटायची आणि कपाळावरची आठी जायची. मी हे अगदी जवळून पाहिलंय.

व्हिएतनामचे बिशप व्हॅन थुआन 1975 पासून तेरा वर्षं कैदेत होते. पोटाचं औषध म्हणून त्यांनी बाहेरून थोडी वाइन मागवली, आणि तळहातावर तीन थेंब वाइन, एक थेंब पाणी घेऊन मिसा करायचे. तळहात हाच चषक. पण तो एक थेंब पाण्याचा त्यांनी सोडला नाही.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा मागे बसू नकोस. अर्पणाच्या वेळी गाणं चालू असतं, लोक दानपेटीत पैसे टाकत असतात, त्यामुळे तो थेंब कुणाला दिसत नाही. पहिल्या बाकावरून दिसतो. मी जागा धरून ठेवतो.

तुझा,
जॉन