हेरगिरीचे कलम देवळालीतही लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परकीय सत्तेसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून पकडल्या गेलेल्या पत्रकारांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. इव्हान गेर्शकोविच यांची हकिगत त्यात चांगली आली आहे. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या या बातमीदाराला मार्च २०२३ मध्ये येकातेरिनबर्गला पकडले, खटला बंद दाराआड चालवला, जुलै २०२४ मध्ये १६ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि दोन आठवड्यांच्या आत कैद्यांच्या अदलाबदलीत सोडूनही दिले. बीजिंगमध्ये जपानी मुत्सद्द्यासोबत जेवायला गेलेले आणि तिथेच धरले गेलेले चिनी पत्रकार डाँग युयू यांचाही उल्लेख आहे. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. हे सगळे बरोबर. पण पानभर लेखात आपल्या देशातले एकही नाव नसावे, याचे नवल वाटले. असले प्रकार हुकूमशहांच्या राज्यातच घडतात, असा समज घेऊन वाचक उठतो.

फार लांब जायला नको, देवळालीपर्यंत जाऊ. ‘द क्विंट’ या वृत्तसंकेतस्थळाच्या पूनम अग्रवाल यांनी २०१७ मध्ये तिथल्या लष्करी परिसरात छुपा कॅमेरा नेऊन जवानांना साहेबांच्या घरची कामे कशी करावी लागतात हे दाखवले. पुढे त्या चित्रफितीत दिसलेला एक जवान मृतावस्थेत सापडला. हे भयंकरच होते. छुप्या चित्रणाच्या पद्धतीवर आणि जवानाची ओळख लपवण्याच्या जबाबदारीवर कठोर चर्चा व्हायलाच हवी होती. पण गुन्हा दाखल झाला तो आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आणि त्याच्या जोडीला शासकीय गुपिते कायद्याच्या कलम ३ चा. कलम ३ म्हणजे हेरगिरी. साहेबांचा कुत्रा कोण फिरवतो, ही माहिती कोणत्या शत्रूच्या उपयोगाची होती, देव जाणे. मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, पण केव्हा, तर एप्रिल २०१९ मध्ये. दोन वर्षे डोक्यावर टांगती तलवार.

याच सुमारास, एप्रिल २०१७ मध्ये, पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने कुलभूषण जाधव यांना हेर ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. ‘बंद खोलीत कसला खटला? पुरावा दाखवा, वकील द्या,’ असे आपण सगळेच म्हणत होतो, आणि रास्तच म्हणत होतो. मग तोच प्रश्न आपल्याकडच्या खटल्यांबाबत विचारताना आपली जीभ का अडखळते?

माझी नोकरी न्यायालयातल्या कारकुनीत गेली, त्यामुळे कायद्याचे पुस्तक हाताळायची सवय आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा कोणीही काढून वाचावा. कलम ३ नुसार आरोपीने अमुक एक कृत्य केले हे सिद्ध झालेच पाहिजे असे नाही. परिस्थिती, वर्तन आणि त्याचा लौकिक यांवरूनही त्याचा हेतू ठरवता येतो. कलम ४ नुसार परकीय हस्तकाचे नाव किंवा पत्ता तुमच्याजवळ सापडला, तरी तुमचा त्याच्याशी संपर्क होता असे गृहीत धरता येते आणि तसे नव्हते हे तुम्हीच दाखवायचे. ‘हस्तक’ या शब्दात ज्याच्यावर तसा सबळ संशय आहे तोही आला. परराष्ट्र व्यवहारावर लिहिणाऱ्या कोणत्याही बातमीदाराच्या फोनमध्ये वकिलातींतले किती नंबर असतील? डाँग युयूंच्या जेवणाबद्दल हळहळणाऱ्या लेखकाने हे कलम जरूर पाहावे. आणि कलम १४ म्हणते, सरकारी पक्षाने मागणी केली तर साक्षीपुराव्याच्या वेळी लोकांना न्यायालयाबाहेर काढता येते. शिक्षा तेवढी उघड सुनावायची.

उरणचेच बघा. नौदलाच्या शस्त्रागाराभोवतीच्या सुरक्षा पट्ट्यात गावकऱ्यांची घरे आली, तो वाद वर्षानुवर्षे चालू आहे. कोणते घर कुंपणापासून किती अंतरावर, रेषा कुठून जाते, हे सांगितल्याशिवाय ती बातमीच होत नाही. कलम ३ मध्ये नेमके ‘रेखाचित्र’ (स्केच), ‘आराखडा’ (प्लॅन) हेच शब्द आहेत. गावकऱ्यांची बाजू मांडणाऱ्या वार्ताहराला कोणी हेर म्हणणार नाही, हे आपण चांगुलपणाच्या भरवशावर म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. लॉर्ड कर्झनने १९०४ मध्ये याची आधीची आवृत्ती आणखी कडक केली, तेव्हा गोखल्यांनी कायदेमंडळात विरोध केला होता. ती तक्रार अजून शिळी झालेली नाही.

आता आपल्या व्यवसायाबद्दल थोडे, राग मानू नये. ‘काश्मीर टाइम्स’चे दिल्लीतले प्रतिनिधी इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये याच कायद्याखाली पकडले. त्यांच्या संगणकात काश्मीरमधल्या सैन्याच्या संख्येबद्दल मजकूर सापडला होता. तो इस्लामाबादच्या एका संस्थेने छापून प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतला होता, म्हणजे शत्रूकडची माहिती शत्रूला पुरवल्याचा आरोप! लष्करी गुप्तवार्ता विभागाने आधी तो मजकूर घातक ठरवला आणि काही महिन्यांनी त्यात काही अर्थ नसल्याचे कळवले. जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला, तोवर सात महिने तिहारमध्ये गेले होते. या काळात वर्तमानपत्रे काय छापत होती? गिलानींनी न्यायालयात कबुली दिल्याचेही छापून आले होते. त्यांनी तशी कबुली दिलीच नव्हती. तिहारमध्ये गेल्या गेल्या झालेल्या मारहाणीबद्दल त्यांनी नंतर लिहिले आहे.

पत्रकाराच्या ओळखपत्राआड हेर नसतोच, असे मी म्हणत नाही. रिचर्ड सोर्गे टोकियोत जर्मन पत्रांचा वार्ताहर म्हणून वावरला आणि सोव्हिएत लष्कराला बातम्या पुरवत राहिला. सोव्हिएतांचा ब्रिटिश हेर किम फिल्बी बैरूतहून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या पत्रासाठी लिहीत होता आणि १९६३ मध्ये तिथून नाहीसा होऊन मॉस्कोला पोहोचला. याच ‘ऑब्झर्व्हर’साठी लष्करी तळावरच्या स्फोटाची माहिती काढायला गेलेल्या फरजाद बाझोफ्तला इराकने मार्च १९९० मध्ये हेर म्हणून फासावर लटकवले. खरा हेर निसटला आणि बातमीदार गेला. म्हणूनच पकडल्याच्या दिवशी कोण खरा, कोण खोटा हे ना पोलीस सांगू शकतात ना आपले मथळे लिहिणारे.

रिमांडच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात कॅमेऱ्यांमुळे चालायला वाट नसते. आरोपमुक्तीच्या दिवशी आरोपीचा भाऊ, वकील आणि चहावाला. हे मी पुष्कळदा पाहिले आहे. इतर खटल्यांत निदान कोणीही आत जाऊन बसू शकतो. इथे दार लागू शकते, तेव्हा बाहेर टिकून राहणारा बातमीदार हाच वाचकाचा एकमेव आधार.

तेव्हा अटकेच्या बातमीत ‘पोलिसांचे म्हणणे’ असे स्पष्ट लिहा, कोणते कलम लावले ते छापा आणि निकाल लागेपर्यंत प्रकरण सोडू नका. मे २०२५ मध्ये आपल्या कळव्याच्या एका तरुण अभियंत्याला नौदलाची माहिती पाकिस्तानला पुरवल्याच्या आरोपावरून एटीएसने पकडले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत त्याला फाशीही देऊन झाली होती. तो पत्रकार नव्हे आणि दोषी आहे की नाही हे न्यायालय ठरवेल. पण कायदा तोच आहे आणि ठाणेकर वाचकही तेच. त्या खटल्याच्या तारखा आपल्या ठाणे पुरवणीत नियमित द्यायला सुरुवात करता येईल.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
नौपाडा, ठाणे (पश्चिम)